९५१, १,५३१ की २,१९७? मोटरसायकलच्या इन्शुरन्सचा रास्त भाव कसा ओळखायचा

नमस्कार. तुमची गाडी १२५ सीसी, २०२१ मध्ये सांगलीत पासिंग झालेली, एमएच १०. पाच वर्षांत एकही क्लेम नाही आणि दरवर्षी मुदतीच्या आत रिन्यू केलेली. शोरूमने २,१९७ रुपये सांगितले, ओळखीच्या एजंटने १,५३१ आणि मोबाइलवर एका वेबसाइटने ९५१. तुम्ही विचारलंय की शोरूमवाला लुटतोय का, आणि ९५१ ची पॉलिसी घेतली तर उद्या फसायला होईल का. शिवाय गेल्या वर्षी सहाशेच्या आत काम झालं होतं, यंदा एवढे कसे, हेही विचारलंय. तिन्ही कोटेशनचे फोटो जोडलेत ते फार बरं केलंत, त्यामुळे हवेत बोलावं लागत नाही.

मी एकोणीस वर्षं सांगलीत वाहनविम्याचं काम करतो. एजंट आहे, पॉलिसीवर कमिशन मिळतं. म्हणून माझं म्हणणं नुसतं मानू नका, आकडे स्वतः मांडून बघा. कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर पंधरा मिनिटांचं काम आहे.

आधी गेल्या वर्षीचा घोळ मिटवू. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा एकदम घ्यावा लागतो. तुम्ही तो २०२१ ला गाडीबरोबरच भरलाय. मधली वर्षं तुम्ही फक्त ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग रिन्यू करत होता. आता पाच वर्षं संपली, थर्ड पार्टी पुन्हा बिलात आला. भाव वाढलेला नाही, बिलात एक ओळ वाढलीय. पाच वर्षं झालेल्या गाडीचे लोक माझ्याकडे येतात तेव्हा दहातल्या आठ जणांचा पहिला राग याच ओळीवर असतो.

जीएसटीचंही इथेच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जो शून्य झाला तो व्यक्तिगत आयुर्विम्यावरचा आणि आरोग्यविम्यावरचा. मोटरसायकलच्या विम्यावर १८ टक्के आहेच. तो लावला म्हणून कुणी तुम्हाला फसवलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला वाटतंय की एकाच वस्तूचे तीन भाव आलेत. तसं नाही, त्या तीन वेगळ्या वस्तू आहेत. एक किलो गूळ, तीन पाव गूळ आणि एक किलो गूळ अधिक पिशवी अधिक हमाली अशी तुलना तुम्ही करताय. तिन्ही तराजूत सारखं वजन टाकल्याशिवाय कोण महाग ते कळणार नाही.

पहिलं वजन थर्ड पार्टीचं. हा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना सारखा. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसीला ७१४, १५० ते ३५० सीसीला १,३६६ आणि ३५० च्या वर २,८०४ असे वर्षाचे दर आहेत. नवी अधिसूचना आली की आकडा बदलतो, म्हणून पॉलिसी काढायच्या दिवशीचा दर धरायचा. तुमच्या गाडीला ७१४, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८४३ रुपये. तिन्ही कोटेशनमध्ये हे ८४३ आहेत आणि यात एक रुपयाही कुणी कमी करू शकत नाही.

हा ८४३ चा आकडा पाठ करून ठेवा. १२५ सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी असलेला विमा कुणी यापेक्षा कमीत देत असेल तर ती पॉलिसी बनावट आहे. माझ्याकडे मिरजेकडचा एक मुलगा अपघातानंतर कागद घेऊन आला होता. रस्त्याकडेला टेबल टाकून बसलेल्या कुणीतरी पाचशे रुपयांत काढून दिलेली पॉलिसी. छपाई व्यवस्थित, नंबर व्यवस्थित, पण कंपनीच्या नोंदीत त्या नंबरची पॉलिसीच नव्हती. समोरच्या जखमी माणसाचा दावा त्या मुलाच्या बापावर आला. त्या बापाचा चेहरा मी विसरलेलो नाही, म्हणूनच ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो.

दुसरं वजन ओडीचं, म्हणजे लोक ज्याला फर्स्ट पार्टी म्हणतात त्यातला स्वतःच्या गाडीचा भाग. घासाघीस होते ती इथेच. २००७ पासून हे दर कंपन्यांवर सोपवलेत, पण जुन्या टॅरिफचा पाया धरून त्यावर सूट द्यायची पद्धत अजून चालते. पाच ते दहा वर्षांच्या, १५० सीसीपर्यंतच्या गाडीला आपल्या झोनमध्ये आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, १.७६० टक्के. मुंबई, पुणे अशी मोठी शहरं वरच्या झोनमध्ये आणि सांगली, सातारा, कराड खालच्या. झोन पासिंगवरून ठरतो. पुण्यात नोकरीला असताना एमएच १२ पासिंग केलेली गाडी तासगावला आणून ठेवली तरी तिला पुण्याचाच दर. फरक थोडा आहे, पण कारण माहीत असावं.

तुमच्या तिन्ही कोटेशनमध्ये मूळ दर हाच आहे. मग फरक कुठून आला? शोरूमने आयडीव्ही ४०,००० धरलीय, एजंटने ३६,००० आणि वेबसाइटने २६,०००. शोरूमची सूट शून्य, एजंटची २० टक्के, वेबसाइटची ६० टक्के. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एजंट आणि वेबसाइटने एनसीबी ५० टक्के दिलाय, शोरूमने २० टक्केच.

एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत. ती ओडीवरच मिळते, थर्ड पार्टीवर नाही. पहिल्या बिनक्लेमच्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्याला ५०. गेल्या वर्षीची ओडी पॉलिसी काढून बघा, त्यावर ४५ टक्के लिहिलेलं असणार. म्हणजे यंदा ५०. शोरूमच्या काउंटरवर जुनी पॉलिसी बघितलीच नसावी, असं मला वाटतं. लुटायचा हेतू होता की आळस होता, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. जुनी पॉलिसी पुढे ठेवून ‘एनसीबी दुरुस्त करा’ म्हणा. एवढ्या एका वाक्याने अडीचशे रुपये कमी होतात.

शोरूमच्या कागदावर आणखी दोन ओळी आहेत. रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत, १२० आणि कन्झ्युमेबल ९०. जीएसटी धरून हे झाले २४८. रोज सांगली-इस्लामपूर जाणं-येणं असेल तर रोडसाइड असिस्टन्सचा विचार करा. गावातल्या गावात फिरणाऱ्याला कोपऱ्यावरचा गॅरेजवाला पुरतो. कन्झ्युमेबल म्हणजे दुरुस्तीतलं ऑइल, नटबोल्ट वगैरे. पाच वर्षांच्या १२५ सीसी गाडीला मी ते सुचवत नाही.

आता आयडीव्ही. इथे जरा थांबतो, कारण सांगलीकराने हा आकडा डोळे मिटून घेऊ नये.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देणार ती. नव्या किमतीतून घसारा वजा करून ती काढतात. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा आणि पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. संमतीने याचा अर्थ तुम्हालाही बोलायचा हक्क आहे. तुमच्या गाडीची शोरूम किंमत ७५,००० च्या आसपास होती म्हणता, मग ३६,००० रास्त आहे. वेबसाइटवर आयडीव्हीची पट्टी मागेपुढे सरकवता येते. भाव स्वस्त दिसावा म्हणून ती सगळ्यात खालच्या टोकाला ठेवलेली असते आणि घाईत माणूस तिला हात लावत नाही.

ती पट्टी २६,००० वरून ३६,००० वर आणली तर किती जास्त पडतात ते मांडू. १०,००० चे १.७६० टक्के १७६ रुपये, ६० टक्के सूट गेली की ७०, निम्मा एनसीबी गेला की ३५, वर जीएसटी. झाले ४२ रुपये. वर्षाला ४२ रुपये वाचवण्यासाठी तुम्ही दहा हजारांचं संरक्षण सोडताय.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर. गावभाग, मारुती चौक, सगळं पाण्यात. माणसं जीव घेऊन बाहेर पडली, गाड्या दारातच राहिल्या. पाणी ओसरल्यावर मी गावभागात एका ग्राहकाच्या दारी गेलो. सायलेन्सरमधून अजून पाणी ठिबकत होतं, चेनवर गाळ वाळून तडे गेले होते. गॅरेजवाल्याने खालचा बोल्ट सैल केला तर ऑइलऐवजी दुधाच्या चहासारखं पाणी भदाभदा आलं. त्या गृहस्थांनी गाडी चालू करायचा प्रयत्नच केला नव्हता. होती तशी तिचे फोटो काढले, मला फोन केला आणि गाडी ढकलत गॅरेजला नेली. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. त्यांची तशी धरली गेली आणि आयडीव्हीप्रमाणे पैसे आले.

दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या एकाने उन्हात दोन दिवस वाळवून गाडीला सेल मारला. आत पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने इंजिनच्या आतलं नुकसान वगळलं, कारण ते पुराने नाही तर पाणी आत असताना गाडी चालू केल्याने झालं असं कंपनीचं म्हणणं. बाकीचं मिळालं, इंजिनचं खिशातून गेलं. आणि त्याच गल्लीतल्या तिसऱ्याकडे नुसता थर्ड पार्टी होता. त्याला काहीच मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. थर्ड पार्टी समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो, तुमच्या गाडीसाठी नाही.

म्हणून ‘गाडी जुनी झाली, आता थर्ड पार्टीच टाका’ हा सल्ला सांगलीत नदीकाठी राहणाऱ्याला मी देत नाही. माळावर, तिसऱ्या मजल्यावर राहता आणि गाडी बारा वर्षांची आहे, तर गोष्ट वेगळी. तरीही एक लक्षात ठेवा: नुसत्या थर्ड पार्टीत मागे बसलेल्या माणसाला संरक्षण नसतं, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच ते स्पष्ट केलंय. फुल पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओडी दोन्ही असलेल्या, मागे बसणाऱ्याची जबाबदारी कंपनी घेते. बायको, आई, मुलं मागे बसत असतील तर ओडीचे ते दीडशे-तीनशे रुपये मला कधीच जास्त वाटले नाहीत.

तिसरं वजन मालक-चालकाच्या अपघात विम्याचं, कोटेशनवर सीपीए लिहिलेलं असतं. रक्कम १५ लाख. शोरूमने ३७५ लावलेत, एजंटने ३३० आणि वेबसाइटने काहीच नाही. तिथे ‘माझ्याकडे आधीच आहे’ या चौकोनात खूण आपोआप पडलेली तुमच्या फोटोत दिसतेय. ९५१ ची स्वस्ताई मुख्यतः या एका खुणेची आहे.

हे घ्यायचं की नाही ते तुमच्या परिस्थितीवर आहे, आणि गाडी कुणाच्या नावावर आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या नावावर आहे, लायसन्स आहे आणि १५ लाखांचा दुसरा अपघात विमा नाही, तर कायद्याने घ्यावाच लागतो. तुमच्याच नावावरच्या दुसऱ्या गाडीबरोबर घेतलेला असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही, एका माणसाला एक पुरतो. पण आपल्याकडे बहुतेक घरांत गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणार मुलगा. वडिलांकडे लायसन्स नसेल तर हा विमा त्यांच्या काहीच कामाचा नाही आणि तुम्हाला तो लागू होत नाही, कारण नोंदणीतले मालक तुम्ही नाही. तिथे ते तीनशे-साडेतीनशे वाया जातात. त्याऐवजी तुमच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा काढा. आणि वडील हयात असताना गाडी तुमच्या नावावर करून घेतलीत तर त्यांचा एनसीबी तुमच्याकडे येत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

गाडी तुमच्याच नावावर आहे असं धरून आता तिन्ही तराजूत सारखं वजन टाकू. आयडीव्ही ३६,०००, एनसीबी ५०, सीपीए घेतलेला, बाकी जोडण्या काढलेल्या. वेबसाइटच्या हिशोबात सीपीए एजंटच्या दराने, ३३० धरलाय. शोरूमचे होतात १,६५९. एजंटचे १,५३१ तसेच राहतात. वेबसाइटचे होतात १,३८१. सुरुवातीला १,२४६ रुपयांचा वाटणारा फरक २७८ वर आला. खरा भाव तेवढ्याच पट्ट्यात आहे. चौदाशे ते साडेपंधराशे तुमच्या गाडीला रास्त, असं माझं मत.

एजंट आणि वेबसाइट यांच्यात दीडशे रुपये उरतात. ते कशाचे, हे तुम्हीच ठरवायचंय. क्लेमच्या वेळी फोन उचलणारा, कागद लावून देणारा, सर्व्हेअर आला तेव्हा गॅरेजवर हजर राहणारा माणूस असेल तर दीडशे रुपये स्वस्त आहेत. तुमचा एजंट वर्षातून एकदा रिन्यूअललाच आठवण काढत असेल, तर वेबसाइटवर स्वतः करा, काही बिघडत नाही. ओळखीतल्या कुणाला २०१९ मध्ये किंवा २०२१ च्या पुरात त्याचा काय अनुभव आला, ते विचारा.

भाव कमी करायचा तर बोलायचं कसं? ‘कमिशनमधलं काही सोडा’ असं म्हणू नका. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे कमिशन परत देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. ‘ओडीवर कंपनीची सूट वाढवून मिळेल का, दुसऱ्या कंपनीचा दर काढून बघा’ असं म्हणा. ही सूट कायदेशीर आहे. एजंटला वेबसाइटचं कोटेशन दाखवा, आयडीव्ही आणि सीपीए सारखे करून. न सारखं केलेलं दाखवलंत तर तो एका मिनिटात तुम्हाला गप्प करेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

एनसीबी जाईल या भीतीने लोक मोठी चूक करतात. पडून गाडीचं तीन-चार हजारांचं नुकसान झालं तरी क्लेम करत नाहीत. हिशोब बघा. क्लेम केला तर पुढच्या वर्षी एनसीबी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढत जातो. ५० च्या जागी हे मिळालं तर एकूण तोटा एका वर्षाच्या मूळ ओडीच्या सव्वापट. तुमच्या एजंटच्या दराने एनसीबीआधीची मूळ ओडी ५०७, म्हणजे सगळी वर्षं मिळून जीएसटीसह साधारण साडेसातशे. हातात त्यापेक्षा बरेच जास्त येणार असतील तर क्लेम करा, त्यासाठीच पैसे भरलेत. फक्त हातात किती येणार ते आधी विचारा. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के कापतात आणि पाच वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ४० टक्के. आणि क्लेम घेतला असेल तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत ‘क्लेम नाही’ असं कधीही लिहू नका. कंपन्या एकमेकींकडे तपासतात आणि मग ऐन गरजेला क्लेम नाकारला जातो.

मुदतीचं थोडक्यात. संपायच्या पंधरा-वीस दिवस आधी बसा, म्हणजे तिघांशी बोलायला वेळ राहतो. एक दिवस जरी उलटला तरी गाडीची तपासणी किंवा व्हिडिओ मागतात, आणि त्या मधल्या दिवसांत काही झालं तर कुणी वाली नाही. ९० दिवस उलटले की एनसीबी शून्य. विना विमा पकडलं तर पहिल्या वेळी २,००० दंड. ज्यांची मुदत जून-जुलैत संपते त्यांनी तर एक दिवसही उशीर करू नये, कोयनेचे दरवाजे उघडले की पाणी कुणाच्या रिन्यूअलसाठी थांबत नाही.

पैसे भरल्यावर पॉलिसीची पीडीएफ येईल. ती उघडून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी एकेक अक्षर जुळवा. मग आयडीव्ही, एनसीबी ५० टक्के, सीपीए या तीन ओळी बघा. गाडीवर पतसंस्थेचं किंवा बँकेचं कर्ज होतं आणि ते फिटलंय, तर बोजा आरटीओत उतरवून पॉलिसीवरूनही तो काढायला सांगा, नाहीतर टोटल लॉसचे पैसे आधी त्यांच्याकडे जातात. आठ-दहा दिवसांनी एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून नवी मुदत दिसते का पाहा. दिसली नाही तर पीडीएफ घेऊन कंपनीच्या शाखेत जा आणि नोंद करून घ्या. चूक त्याच आठवड्यात सांगितली तर विनाखर्च दुरुस्त करून देतात, अपघातानंतर सांगितली तर कुणी ऐकून घेत नाही.